स्थौल्य आणि मेद : एका रोगसंकल्पनेचा शब्देतिहास

देहाच्या लठ्ठपणाविषयीच्या चर्चेत 'स्थौल्य' आणि 'मेदवृद्धी' हे दोन शब्द बहुधा समानार्थी म्हणून योजले जातात. वस्तुतः पहिला शब्द देहाच्या आकाराचा वाचक आहे, तर दुसरा देहातील एका विशिष्ट द्रव्याच्या संचयाचा. आकार डोळ्यांना दिसतो. द्रव्याचा संचय मात्र दिसेलच असे नाही. ह्या दोन शब्दांमधील अंतर हा केवळ कोशकाराच्या जिज्ञासेचा विषय असता, तर त्याची चर्चा शब्दव्युत्पत्तीच्या पृष्ठांपुरती मर्यादित ठेवता आली असती. परंतु कोणास रोगी म्हणावे, कोणास निरोगी म्हणून परत पाठवावे आणि कोणाच्या माथी दोष ठेवावा, हे तिन्ही प्रश्न ह्या अंतराशी निगडित आहेत. प्राचीन वैद्यकात हे अंतर कितपत मानले गेले, मापनाच्या युगात ते कसे लोपले आणि अलीकडच्या संशोधनाने ते पुन्हा का प्रस्थापित करावे लागले, ह्याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

१. शब्दांची साक्ष

'स्थूल' शब्दाचे 'स्थूर' हे प्राचीनतर रूप ऋग्वेदात आढळते. तेथे ते विपुलतेचे व दृढतेचे वाचक असून धनाचे विशेषण म्हणूनही आले आहे. जे भरपूर आहे व सहज नजरेत भरते, ते स्थूर. पुढे वेदान्ताच्या परिभाषेत इंद्रियगोचर देहास 'स्थूल' व इंद्रियातीत देहास 'सूक्ष्म' म्हटले गेले. आणि मराठीत 'स्थूलमानाने' ह्याचा अर्थ 'बारकाव्यात न शिरता' असा रूढ झाला. ह्या सर्व अर्थांत एक सूत्र समान आहे : स्थूल म्हणजे वरवर पाहता कळणारे.

'मेदस्' ह्या शब्दाची प्रकृती निराळी आहे. स्निग्धतावाचक 'मिद्' धातूपासून तो सिद्ध होतो आणि वैदिक वाङ्मयात यज्ञपशूच्या शरीरातील स्निग्ध द्रव्यास तो लावलेला आहे. म्हणजे 'मेदस्' हे आकाराचे नव्हे, द्रव्याचे नाव होय. मराठीत रूढ असलेला 'चरबी' हा शब्द फारसीतून आला. त्याच्याही मुळाशी स्निग्धतेचाच अर्थ आहे.

मराठी वाक्प्रचारांत ह्या भेदाची जाणीव नकळत टिकून राहिलेली दिसते. पगार 'लठ्ठ' असतो, हुंडाही 'लठ्ठ' असतो. तेथे ऋग्वेदातील 'स्थूर' धनाचीच आठवण होते. स्तुतीने माणसाच्या अंगावर 'मूठभर मांस चढते', परंतु उन्मत्त झालेल्याला मात्र 'चरबी चढते'. तान्हे मूल अंग धरू लागले की ते 'बाळसे धरते' असे कौतुकाने म्हणतात. मांस वाढणे ते इष्ट आणि चरबी वाढणे ते अनिष्ट, असा विवेक ह्या बोलींत आहे. पण चरबीचा दोष सांगताना भाषा देहापाशी न थांबता स्वभावापर्यंत पोहोचते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

युरोपीय भाषांतील 'ओबेसिटी' ह्या शब्दाचा इतिहास त्याहून चमत्कारिक आहे. लॅटिन 'ओबेसुस' हे रूप 'खाणे' ह्या अर्थाच्या क्रियापदापासून झालेले आहे. खाऊन पुष्ट झालेला, हा त्याचा सर्वमान्य अर्थ. तथापि दुसऱ्या शतकातील रोमन ग्रंथकार ऑलुस गेलियुस ह्याने नोंदविले आहे की, लाएवियुस नावाच्या कवीने हाच शब्द नेमक्या उलट, म्हणजे झिजून कृश झालेल्या, अर्थाने योजला होता. ज्याने खाल्ले तोही 'ओबेसुस' आणि ज्याला आतून खाल्ले गेले तोही 'ओबेसुस'. ही द्व्यर्थता विसाव्या शतकाच्या अखेरीस शरीरशास्त्रातही प्रत्ययास यावी, हा योगायोग असला तरी उद्बोधक आहे.

२. संहिताकारांचा विवेक

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नाव 'अष्टौनिन्दितीय' असे आहे. अतिउंच व अतिठेंगू, अतिकेशयुक्त व केशहीन, अतिकृष्ण व अतिगौर, अतिस्थूल व अतिकृश, असे आठ प्रकारचे देह त्यात निंदित म्हणून परिगणित केले आहेत. 'निंदित' हा शब्द आजच्या वाचकास खटकेल, आणि तो खटकावा हे उचितच होय. परंतु अध्यायाच्या अंतरंगात शिरल्यावर निंदेपेक्षा निदानच अधिक आढळते. स्थौल्याच्या कारणांत अतिभोजन, गुरु-मधुर-स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप व निश्चिंतता ह्यांच्या जोडीने चरकाने बीजस्वभावाचाही स्पष्ट निर्देश केला आहे. सर्व दोष भोक्त्याच्या जिभेचा नव्हे, काही अंश मातापितरांच्या बीजाचा, ही कबुली त्या काळी दिली गेली हे विशेष होय.

अतिस्थूलाच्या आठ दोषांत आयुष्याचा ऱ्हास, दौर्बल्य, अतिस्वेद, अतिक्षुधा व अतितृषा ह्यांची गणना होते. त्यांतील अतिक्षुधेची उपपत्ती मननीय आहे. मेदाने मार्ग रोधले गेल्यामुळे वायू कोष्ठात संचार करतो, अग्नीस प्रदीप्त करतो, अन्न लवकर जिरते आणि पुनः भूक लागते. शिवाय अशा मनुष्याच्या देहात मेदच वाढतो, इतर धातू तसे वाढत नाहीत, असे चरकाचे म्हणणे आहे. ही उपपत्ती आजच्या शरीरशास्त्राची नव्हे व तशी ती ठरविण्याचा खटाटोपही करू नये. तथापि तिची रचना ध्यानात ठेवावी : अधिक भूक हे मेदवृद्धीचे केवळ कारण नसून कार्यही आहे. चिकित्साही ह्या विचारास धरूनच सांगितली आहे. स्थूलास जे अन्न द्यावयाचे ते पचण्यास जड, पण पोषणाने हलके असावे. म्हणजे भूक भागेल आणि मेद वाढणार नाही.

सुश्रुताने आणखी दोन गोष्टींची भर घातली. एक, मेदाचे स्थान सांगताना त्याने उदराचा आवर्जून उल्लेख केला. दुसरी, प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद करून पहिल्यातील रोगी कृश व दुसऱ्यातील रोगी स्थूल असतो असे वर्णन केले. दुसऱ्या वर्गातील निर्धन रोग्याने पादत्राण व छत्र न घेता, भिक्षान्नावर राहून, शंभर योजने चालावे, असा उपाय त्याने सुचविला आहे. माधवकराच्या निदानग्रंथात तर 'मेदोरोग' हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय झाला. म्हणजे रोगाचे नाव आकारावरून न पडता द्रव्यावरून पडले. संज्ञेच्या इतिहासात ही पायरी महत्त्वाची आहे.

३. तराजू आणि कोष्टक

युरोपात लठ्ठ माणसे सडपातळ माणसांपेक्षा लवकर मरतात, हे निरीक्षण हिपोक्रेटिसच्या परंपरेतील सूत्रग्रंथात नोंदलेले आहे. परंतु किती लठ्ठ म्हणजे लठ्ठ, ह्या प्रश्नास संख्येचे उत्तर मिळाले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही वैद्याकडून नव्हे. बेल्जियमचा ज्योतिर्विद व संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले ह्याने १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते असे दाखविले. त्याला शोध होता तो 'सरासरी मनुष्या'चा, रोग्याचा नव्हे.

त्यानंतर हा विषय विमा कंपन्यांच्या हाती गेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीने १९४० नंतरच्या दशकात व पुनः १९५९ साली उंचीनुसार इष्ट वजनाची कोष्टके प्रसिद्ध केली. ती विमाधारकांच्या मृत्युनोंदींवर आधारलेली होती. १९७२ साली अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज व त्याच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे तपासून केतलेचेच सूत्र सर्वांत सोयीचे ठरविले आणि त्यास 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. मराठीत त्यास देहभारांक म्हणता येईल. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. त्या पाच देशांत भारत नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने पुढे २५ हा अतिवजनाचा व ३० हा स्थौल्याचा उंबरठा मानला. येथे एक विसंगती उद्भवली. संघटनेच्या व्याख्येत स्थौल्य म्हणजे आरोग्यास अपायकारक असा मेदसंचय. मोजावयाचे मात्र वजन. तराजूला मांस, अस्थी व मेद ह्यांतील भेद कळत नाही. व्याख्या द्रव्याची आणि माप आकाराचे, अशी ही फारकत होती. मार्सेय येथील वैद्य झाँ व्हाग ह्याने १९४७ सालीच मेद किती आहे ह्याहून तो कोठे आहे हे अधिक महत्त्वाचे असून उदराभोवतीचा मेद मधुमेहास व हृद्रोगास अनुकूल असतो असे प्रतिपादिले होते. परंतु सोप्या अंकापुढे त्याच्या म्हणण्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले.

४. मेदाचे कार्य

मेद हे केवळ साठविलेले इंधन, अशी समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रचलित होती. ती ढळण्यास एक उंदीर कारणीभूत झाला. अमेरिकेतील मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली असाधारण लठ्ठ उंदीर आढळले. हा गुण एकाच जनुकातील उत्परिवर्तनाने येतो हे १९५० साली प्रसिद्ध झाले. त्याच प्रयोगशाळेतील डग्लस कोलमन ह्याने पुढे अशा उंदरांचे रक्ताभिसरण निरोगी उंदरांच्या रक्ताभिसरणाशी जोडून पाहिले. तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले. निरोगी उंदराच्या रक्तात तृप्तीची वार्ता नेणारे काहीतरी आहे व लठ्ठ उंदरास ते निर्माण करता येत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन ह्याच्या गटाने ते जनुक हुडकले. त्यापासून होणारे संप्रेरक खुद्द मेदपेशीच स्रवतात. 'कृश' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास 'लेप्टिन' असे नाव मिळाले. मेदाने निर्माण केलेल्या द्रव्याचे नाव 'कृशकारक' असावे, ह्यात विरोधाभास नाही. साठा पुरेसा आहे हे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला मेदच कळवितो.

लेप्टिनचा जन्मतः अभाव असलेल्या मोजक्या मुलांस ते टोचून दिल्यावर त्यांची अनावर भूक शमली. परंतु बहुसंख्य लठ्ठ माणसांत लेप्टिन कमी नसून उलट अधिक असते. निरोप पोहोचतो, पण ऐकला जात नाही. वजन घटविले म्हणजे लेप्टिन उतरते, भूक वाढते, देहाचा ऊर्जाव्यय मंदावतो आणि गेलेले वजन परत येऊ पाहते. उपवासाने वजन घटविलेल्या असंख्यांचा जो अनुभव आजवर निग्रहाचा अभाव म्हणून हिणविला गेला, त्याच्या मुळाशी ही शरीराची स्वसंरक्षक व्यवस्था आहे.

संबंधित रोगांची उपपत्तीही ह्यामुळे स्पष्ट झाली. त्वचेखालील मेदपेशी हे अतिरिक्त ऊर्जेचे सुरक्षित कोठार होय. ते भरले, अथवा मुळातच लहान असले, की मेद यकृतात, स्नायूंत व उदरातील अवयवांभोवती साचू लागतो. तेथे तो इन्शुलिनच्या कार्यास अडथळा आणतो. स्वादुपिंड काही काळ अधिक इन्शुलिन स्रवून तोल सांभाळते. ते थकले की मधुमेह प्रकट होतो. रक्तदाब, हृद्रोग व यकृतविकार हे त्याचे सोबती. ज्या दुर्मिळ विकारात देहात मेदपेशी जवळजवळ नसतातच, त्या विकारातील कृश रोग्यांसही तीव्र मधुमेह व मेदयुक्त यकृत होते. स्थौल्याशिवायही मेदाचा रोग होऊ शकतो, ह्यास ह्याहून निर्णायक पुरावा कोणता हवा ?

५. कृश आणि मेदस्वी

ह्या प्रश्नास सर्वाधिक निकडीचे उत्तर महाराष्ट्रातून मिळाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्पटन येथील बालकांशी करून निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पूर्ण दिवस भरलेल्या पुण्याकडील बालकाचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर साउदॅम्पटनच्या बालकाचे ३.५ किलोग्रॅम होते. परंतु ही तूट देहाच्या सर्व घटकांत सारखी नव्हती. स्नायू व उदरातील अवयव पुष्कळ लहान होते. पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने राखला गेला होता. तराजूवर कृश ठरलेले हे बालक द्रव्यदृष्ट्या मेदस्वी होते. 'बाळसे' ह्या शब्दात मांस आणि मेद दोन्ही अभिप्रेत आहेत. येथे मांसावाचून मेद आला होता.

२००४ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभारांक २२.३ इतका समान होता. परंतु युडकिन ह्यांच्या देहात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांच्या देहात २१.२ टक्के होते. एकाच अंकाखाली दोन भिन्न देह लपले होते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञमंडळाने आशियाई लोकांसाठी २३ व २७.५ हे निराळे कृतिबिंदू सुचविले. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थौल्य मानावे असे ठरविले आणि कमरेचा घेरही मोजावा असा आग्रह धरला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांतील स्थौल्याचे प्रमाण देहभारांकाने मोजता २८.६ टक्के, तर कमरेच्या घेराने मोजता ३९.५ टक्के भरले. शब्द बदलला की माप बदलते आणि माप बदलले की रोगी बदलतो, ह्याचे हे अंकरूप प्रत्यंतर होय.

६. चिकित्सेचा इतिहास आणि शब्दांचे सापळे

रोगाचे नाव आकारावरून पडले की चिकित्सेचे यशही आकारावरूनच मोजले जाते. लंडनचा विल्यम बँटिंग ह्या अंत्यविधीच्या व्यावसायिकाने पाव, साखर, बटाटे व बीर वर्ज्य करून वजन घटविले आणि १८६३ साली आपला अनुभव पत्रिकारूपाने छापला. त्याच्या आडनावापासून इंग्रजीत पथ्यवाचक क्रियापद झाले. इंग्रजीतून ते मागे पडले, पण स्वीडिश भाषेत 'बांता' हे क्रियापद आजही त्याच अर्थाने नित्य वापरात आहे. पुढील काळ औषधांच्या आपत्तींचा होता. १९३३ पासून अमेरिकेत वापरात आलेल्या डायनायट्रोफिनॉलने वजन घटे, परंतु काहींस अंधत्व व काहींस मृत्यू आला. फेनफ्लुरामिन १९९७ साली हृदयाच्या झडपांच्या विकारामुळे मागे घ्यावे लागले. रिमोनाबँटचा वापर २००८ साली युरोपात मानसिक दुष्परिणामांमुळे थांबविण्यात आला. तराजू प्रत्येक वेळी समाधानकारक अंक दाखवीत होता.

गुग्गुळाचा वृत्तान्त भाषाभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. स्थौल्यावरील द्रव्यांत सुश्रुताने गुग्गुळाचा निर्देश केला आहे. त्याच्या वर्णनाचा संबंध रक्तातील स्निग्ध द्रव्यांशी व धमनीकाठिण्याशी लावून जी. व्ही. सत्यवती ह्यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९६६ साली सादर केलेल्या प्रबंधात सशांवरील प्रयोग मांडले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यातून 'गुगुलिपिड' हे औषध सिद्ध झाले व भारतात विक्रीस आले. परंतु २००३ साली अमेरिकेत १०३ प्रौढांवर आठ आठवडे झालेल्या तुलनात्मक चाचणीत अपायकारक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढलेलेच दिसले. ह्यावरून सुश्रुत खोटा ठरतो काय ? तसे म्हणता येत नाही. कारण 'मेदस्' म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल, हे समीकरण सुश्रुताचे नसून अनुवादकाचे होते. तद्वतच ती चाचणी यशस्वी झाली असती, तरी त्यामुळे सुश्रुताचे प्रतिपादन सिद्ध झाले नसते. प्राचीन संज्ञेस अर्वाचीन संज्ञा जोडणे हा गृहीतकाचा आरंभ असू शकतो, प्रमाण नव्हे.

शस्त्रक्रियेचा मार्ग अमेरिकेत आयोवा येथे एडवर्ड मेसन ह्यांनी १९६६ साली जठराचा बाह्यमार्ग निर्माण करून दाखविला. जठर लहान झाल्याने खाणे कमी होते, एवढाच तिचा अर्थ प्रथम लावला गेला; नंतर आतड्यांतून स्रवणारी तृप्तिकारक संप्रेरकेही तीमुळे बदलतात हे कळले. त्यांपैकी जीएलपी-१ ह्या संप्रेरकाचे दीर्घायुषी सदृश द्रव्य अमेरिकेच्या वाळवंटातील हिला मॉन्स्टर नामक विषारी सरड्याच्या विषात जॉन एंग ह्यांना आढळले. १९९२ साली ते प्रसिद्ध झाले. त्या वर्गातील सेमाग्लुटाइडने २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटविले. ही व तत्सम औषधे २०२५ पासून भारतातही वजन घटविण्यासाठी मिळू लागली. औषध थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग परत येतो, आणि घटलेल्या वजनात स्नायूंचाही काही वाटा असतो. ज्यांच्या देहात जन्मतःच मांस थोडे व मेद अधिक, त्यांच्याबाबत ही दुसरी गोष्ट उपेक्षणीय नाही. किती किलो गेले, ह्याबरोबर काय गेले, हे विचारल्यावाचून चिकित्सेचे मूल्यमापन पुरे होणार नाही.

७. उपसंहार

२०२५ साली 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने केवळ देहभारांकावरून रोग ठरवू नये, मेदाचे प्रत्यक्ष वा कमरेच्या घेरावरून मापन करावे आणि अवयवांचे कार्य बिघडले आहे की नाही हे पाहूनच स्थौल्यास रोग म्हणावे, अशी शिफारस केली. आकारवाचक शब्दाकडून द्रव्यवाचक शब्दाकडे झालेले हे पुनरागमन होय. ह्यावरून प्राचीनांस सर्व ज्ञात होते असे अनुमान काढणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. लेप्टिन, इन्शुलिन वा जनुक ह्यांची कल्पना त्यांना असणे शक्यच नव्हते. त्यांच्याजवळ होते ते दोन निराळे शब्द, आणि त्या शब्दांचा निराळेपणा जपण्याची शिस्त.

ही शिस्त सुटल्याची किंमत दोन प्रकारच्या माणसांनी मोजली. देहाने भरलेल्या माणसास त्याच्या बीजस्वभावाचा व भुकेच्या शरीरधर्माचा विचार न करता आळशी व अधाशी ठरविले गेले. देहाने सडपातळ माणसास मात्र, त्याच्या उदरातील मेद कोणी न मोजल्यामुळे, मधुमेह प्रकट होईपर्यंत निरोगी समजले गेले. पहिल्यास अकारण निंदा मिळाली. दुसऱ्यास वेळेवर निदान मिळाले नाही. स्थूल ते डोळ्यांना दिसते. मेद मोजावा लागतो. हा साधा भेद वैद्यकाच्या परिभाषेत आणि घरोघरच्या बोलण्यात एकदा स्थिरावला, तर ह्या दोन्ही अन्यायांचा परिहार होण्यास भाषेचेही काही साहाय्य झाले असे म्हणता येईल.